सायबर : सुकाणू धरणाऱ्याचा शब्द

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस एका सकाळी मी माझ्या थोरल्या काकांबरोबर सायबर पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलो होतो. काकांचे वय चौऱ्याहत्तर. भुसार मालाच्या अडतीत त्यांची पन्नास वर्षे गेली. मांडीवर कापडी पिशवी, तीत बँकेचे पासबुक आणि चष्म्याचे घर. समोरच्या पाटीकडे ते बराच वेळ पाहत होते. मग हलक्या आवाजात म्हणाले, "अरे, तू शब्दांवर लिहितोस ना? हे सायबर म्हणजे काय?"

मी म्हणालो, "संगणकाशी, इंटरनेटशी संबंधित असं काहीतरी."

"कशाशी संबंधित आहे ते मला आता चांगलं कळलंय," काका म्हणाले. "मी शब्दाचा अर्थ विचारला."

मला उत्तर देता आले नाही. इतकी वर्षे या पानावर शब्दांची कुळे-मुळे सांगणाऱ्या माणसाला रोज कानावर पडणाऱ्या एका शब्दाने निरुत्तर केले. ते राहिलेले उत्तर आज देतो आहे.

आम्ही त्या बाकावर का बसलो होतो, हे आधी सांगावयास हवे. दोन दिवसांपूर्वी काकांना एक फोन आला होता. त्यांच्या नावाने पाठवलेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत, असे त्यांना सांगण्यात आले. मग व्हिडिओ कॉलवर गणवेशातला एक माणूस दिसला. त्याच्या मागे सरकारी चिन्ह, टेबलावर फायली. 'तुम्हाला डिजिटल अरेस्ट करण्यात आली आहे, फोन बंद करायचा नाही, घरात कोणाला सांगितलेत तर त्यांनाही अटक होईल' अशी ताकीद मिळाली. भारतीय कायद्यात अशा अटकेची तरतूदच नाही, हे काकांना ठाऊक नव्हते. त्यांनी खोलीचे दार लावून घेतले. काकूंना पोट बरे नसल्याचे सांगितले. दीड दिवस ते त्या फोनसमोर बसून राहिले आणि 'तपासणीपुरते' म्हणून साडेसहा लाख रुपये तीन निरनिराळ्या खात्यांत पाठवून मोकळे झाले.

पैसा गेला याचे दुःख होतेच. परंतु काकांना बोचत होती ती निराळी गोष्ट. "पन्नास वर्षं रोजमेळ मिळाल्याशिवाय मी दुकानाचं दार ओढलं नाही," ते म्हणत, "आणि मी, मी असं कसं केलं?" या प्रश्नाचे उत्तर त्या पाटीवरच्या शब्दात दडलेले आहे, हे तेव्हा आम्हा दोघांनाही माहीत नव्हते.

'सायबर' हा पूर्वपद म्हणून वापरला जाणारा तुकडा आहे. तो इंग्रजीतून आपल्याकडे आला, पण त्याचे माहेर ग्रीस. प्राचीन ग्रीक भाषेत 'कुबेर्नान' म्हणजे नौका हाकणे, तिला दिशा देणे. ते काम करणारा तो 'कुबेर्नेतेस', म्हणजे सुकाणू धरणारा. व्यापारी वाचकांना या शब्दात धनाचा स्वामी कुबेर ऐकू येईल. परंतु हे केवळ उच्चाराचे साम्य आहे, त्यावरून नाते जोडण्याचा मोह टाळावा.

ग्रीकांचे जीवन समुद्रावर अवलंबून होते. बेटे असंख्य, जमीन खडकाळ, धान्य बाहेरून आणायचे, तेल आणि मद्य बाहेर न्यायचे. त्यामुळे सुकाणू धरणाऱ्या माणसाला त्यांच्या वाङ्मयात फार जुने स्थान आहे. होमरच्या 'ओडिसी' महाकाव्यात मेनेलाउस राजाच्या फ्रॉन्टिस नावाच्या सुकाणूधराचा उल्लेख येतो. वादळात नौका हाकण्यात त्याच्या तोडीचा कोणी नव्हता. ट्रॉयहून परतताना सुनिऑनच्या भूशिराजवळ, हातात सुकाणू असतानाच त्याला मृत्यू आला. त्याचे अंत्यसंस्कार करून राजा पुढे निघाला. पण मालेआच्या टोकापाशी वादळाने त्याचा तांडा फोडला, काही नौका क्रीटच्या खडकांवर आपटल्या आणि उरलेल्या पाच नौकांसह राजा इजिप्तच्या किनाऱ्याला लागला. 'फ्रॉन्टिस' या नावाचा अर्थ विचार, काळजी असा आहे. विचार करणारा गेला आणि तांडा भरकटला. कवीने यावर भाष्य केलेले नाही, त्याची गरजही नाही.

पुढे प्लेटोने या सुकाणूधराला तत्त्वज्ञानात आणले. 'गोर्जियस' या संवादात तो त्याच्या मजुरीचा हिशेब देतो. एजायना बेटावरून अथेन्सला सुखरूप आणण्याचे दोन ओबोल. इजिप्त किंवा काळ्या समुद्राकडून माणूस, त्याची मुलेबाळे आणि मालमत्ता आणण्याचे फार तर दोन द्राख्मा. एका द्राख्मात सहा ओबोल असत. एवढे मोठे काम करूनही तो माणूस किनाऱ्यावर उतरून आपल्या नौकेजवळ निगर्वीपणे येरझारा घालतो, असे प्लेटो लिहितो.

'रिपब्लिक' या ग्रंथाच्या सहाव्या भागात मात्र त्याने याच माणसाची दुर्दशा दाखवली आहे. तेथे एक नौका आहे. तिचा मालक धिप्पाड आणि बलवान, पण कानाने थोडा बहिरा, नजरेने अधू आणि नौकानयनाचे ज्ञानही तितपतच. खलाशी त्याच्याभोवती गर्दी करून सुकाणूसाठी भांडतात. सुकाणू धरण्याची विद्या शिकावी लागते हेच त्यांना मान्य नाही. शेवटी ते मालकाला गुंगी आणणारे औषध किंवा मद्य देऊन निपचित करतात आणि नौका ताब्यात घेऊन तिच्यावरचा माल फस्त करतात. ऋतू, आकाश, तारे आणि वारा यांचा अभ्यास असणाऱ्या खऱ्या सुकाणूधराला ते नभाकडे पाहत बसणारा बडबड्या म्हणून हिणवतात. प्लेटोचा रोख राज्यकारभारावर होता. पण ठाण्यातून परतल्यावर मी हा उतारा पुन्हा वाचला तेव्हा मला राज्य दिसले नाही. थोडे कमी ऐकू येणारे, जाड भिंगाचा चष्मा लावणारे आणि भीतीची गुंगी दिलेले आमचे काका दिसले.

हा ग्रीक शब्द रोमन लोकांनी उचलला तेव्हा 'क'चा 'ग' झाला आणि 'गुबेर्नारे' हे लॅटिन क्रियापद बनले. त्यातूनच इंग्रजीतले 'गव्हर्न', 'गव्हर्नर', 'गव्हर्नमेंट' हे शब्द आले. म्हणजे 'सायबर' आणि 'गव्हर्नमेंट' हे एकाच कुळातले. राज्य चालवणे म्हणजे नौका हाकणे, ही प्लेटोची उपमा शब्दाच्या पोटात जिवंत राहिली.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रेंच शास्त्रज्ञ अॅम्पियर याने ज्ञानशाखांचे वर्गीकरण करताना राज्यकारभाराच्या शास्त्राला 'सिबेर्नेतीक' असे नाव दिले. हाच तो अॅम्पियर, ज्याचे नाव आपण विजेचा प्रवाह मोजताना रोज घेतो. त्याचे विजेतील काम अमर झाले. हे नाव मात्र विस्मरणात गेले.

आधुनिक काळात या शब्दाला पुन्हा जन्म दिला तो नॉर्बर्ट वीनर या अमेरिकन गणितज्ञाने. दुसऱ्या महायुद्धात त्याच्यापुढे विमानवेधी तोफांचा प्रश्न होता. विमान जेथे दिसते तेथे नेम धरला तर गोळा पोहोचेपर्यंत ते पुढे निघून जाते. तेव्हा ते कोठे असेल याचा अंदाज बांधायचा, अंदाज आणि प्रत्यक्ष यांतली चूक पाहायची आणि त्या चुकीवरून पुढचा अंदाज सुधारायचा. यातून वीनरच्या ध्यानात आले की यंत्र असो वा सजीव, ध्येय गाठण्याची रीत एकच आहे. केलेल्या कृतीचा परिणाम परत येऊन कर्त्याला सांगतो की तू इतका चुकलास, आणि कर्ता तेवढा हात फिरवतो. या परत येणाऱ्या माहितीलाच इंग्रजीत फीडबॅक आणि मराठीत प्रत्याभरण म्हणतात.

या नव्या शास्त्राला नाव हवे होते. १९४७च्या उन्हाळ्यात वीनर आणि त्याचा मेक्सिकन सहकारी, शरीरशास्त्रज्ञ आर्तुरो रोसेनब्ल्युथ यांनी ग्रीक सुकाणूधराला साद घातली आणि 'सायबरनेटिक्स' हा शब्द ठरवला. १९४८ मध्ये त्याच नावाचे वीनरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. निवडीमागची कारणे त्याने स्वतः नोंदवली आहेत. वाफेच्या इंजिनाचा वेग आपोआप आवरणाऱ्या 'गव्हर्नर' नावाच्या भागावर मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने १८६८ मध्ये निबंध लिहिला होता. हा शब्द त्याच ग्रीक मूळाचा असल्याने नव्या नावातून मॅक्सवेलचे ऋण मान्य होत होते. शिवाय जहाजाचे सुकाणू फिरवणारी यंत्रे ही प्रत्याभरणाची अगदी आरंभीची आणि चांगली विकसित झालेली उदाहरणे होती. पुढे १९५५-५६ मध्ये वीनर कोलकात्याला प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत येऊन राहिला होता.

सुकाणूधर नेमके काय करतो, हे येथे नीट समजून घ्यावे. सुकाणू एकदा सरळ धरून बांधून ठेवले की नौका सरळ जाते, असा आपला समज असतो. तसे घडत नाही. वारा, लाट आणि प्रवाह तिला सतत बाजूला ढकलतात. उत्तम सुकाणूधराची नौकाही वरचेवर मार्ग सोडते. ती किती ढळली हे तो ताऱ्यावरून किंवा किनाऱ्यावरील खुणेवरून पाहतो आणि तेवढीच वळवून घेतो. त्याचे कौशल्य न चुकण्यात नसते. चूक लहान असतानाच ती दिसण्यात असते. घाबरून जास्त वळवले तर नौका दुसऱ्या बाजूला जाते, मग पुन्हा उलट, अशी ती नागमोडी भरकटत राहते. मेंदूच्या विशिष्ट भागाला इजा झालेल्या रुग्णाचा हात पेला उचलताना असाच पुढे-मागे झोके घेतो, हे रोसेनब्ल्युथने वीनरला सांगितले होते. पहिल्या तोट्याने बिथरून एका मागोमाग एक उलटसुलट सौदे करणारा व्यापारी आपणही पाहिलेला असतो.

आता पेढीवरचा रोजमेळ आठवा. दिवसभराची जमा आणि खर्च कीर्दीत लिहायची, संध्याकाळी पेटीतली रोकड मोजायची आणि दोन्हींचा मेळ घालायचा. आठ आणे कमी आले तरी काका दिवा मालवत नसत. लहानपणी आम्हाला तो कंजूषपणा वाटे. खरे पाहता तो आठ आण्यांचा प्रश्नच नव्हता. आज आठ आण्यांची चूक सापडली नाही तर महिन्याने आठशेची चूक कोठे शिरली हे कळणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. वीनरने जे गणितात मांडले ते आपल्या आजोबा-पणजोबांच्या गादीवर दररोज दिवेलागणीला घडत होते.

शब्दाचा पुढला प्रवास थोडक्यात सांगतो. 'सायबरनेटिक्स'चे शेपूट कापून लोकांनी 'सायबर' एवढाच तुकडा ठेवला. खरे तर ग्रीक शब्दाचा सांधा 'न'नंतर आहे. पण कात्री 'र'वर चालली आणि 'न' बाहेर पडला. 'हेलिकॉप्टर'चेही असेच झाले. त्यात 'हेलिको' आणि 'प्टर' म्हणजे मळसूत्र आणि पंख असे दोन तुकडे आहेत, पण आपण भलतीकडे कापून 'हेलिपॅड' बनवले. १९६० मध्ये क्लाइन्स आणि क्लाइन या दोन शास्त्रज्ञांनी अर्धा देह आणि अर्धे यंत्र अशा माणसासाठी 'सायबोर्ग' हा शब्द घडवला. १९८२ मध्ये विल्यम गिब्सन या लेखकाने एका विज्ञानकथेत 'सायबरस्पेस' हा शब्द वापरला आणि १९८४ च्या 'न्यूरोमॅन्सर' या कादंबरीने तो जगभर नेला. गंमत अशी, की ती कादंबरी त्याने साध्या हाताच्या टंकयंत्रावर लिहिली होती. त्यानंतर सायबर कॅफे आले, सायबर कायदा आला, सायबर गुन्हे आले. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली लागू झाला आणि हा शब्द पोलीस ठाण्याच्या पाटीवर जाऊन बसला. सुकाणू मागे राहिले. शब्दाला चिकटली ती केवळ भीती.

आपल्या भाषेत सुकाणूधराला 'कर्णधार' म्हणतात. संस्कृतात 'कर्ण' म्हणजे कान, तसेच नौकेचे सुकाणूही. ते धारण करणारा तो कर्णधार. तोही आज समुद्र सोडून क्रिकेटच्या मैदानात उतरला आहे. 'सुकाणू' हा शब्द अरबी 'सुक्कान'वरून आला. अरबी समुद्रावरच्या व्यापाराने दिलेले ते देणे आहे. प्राकृतात 'कण्णधार' आहेच, शिवाय 'निज्जामय' म्हणजे निर्यामक हाही शब्द आहे, आणि आगम ऐकलेल्या वाचकांच्या तो कानावरून गेला असेल. ज्ञाताधर्मकथेच्या सतराव्या अध्ययनात हस्तिशीर्ष नगरातले सागरी व्यापारी नौका घेऊन निघतात. वादळ सुटते, नौका गरगरू लागते आणि निर्यामकाची मती हरपते. त्याला दिशाच उमजेनाशा होतात. व्यापारी जवळ येऊन विचारतात, तेव्हा तो उघड सांगतो की माझी बुद्धी चालेनाशी झाली आहे, नौका कोठे चालली आहे हे मला कळत नाही. काही वेळाने त्याचे भान परत येते, दिशा पुन्हा ओळखीच्या होतात आणि तोच निर्यामक नौका द्वीपाला लावतो. अध्ययनाचा मुख्य विषय पुढे वेगळा आहे. माझे लक्ष मात्र या प्रसंगावर खिळून राहिले. त्याची दिशा हरवली म्हणून कोणी त्याला समुद्रात ढकलले नाही, आणि त्यानेही ती हरवल्याचे लपवले नाही.

काकांच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे सापडले. त्या फोनवरच्या माणसाने काकांना तीन आज्ञा दिल्या होत्या : कोणाला सांगू नका, फोन ठेवू नका, आत्ताच्या आत्ता करा. नीट पाहिले तर या तिन्ही आज्ञा सुकाणूधराचे डोळे झाकणाऱ्या आहेत. कोणाला सांगायचे नाही, म्हणजे चूक दाखवणारा किनारा दिसायचा नाही. फोन ठेवायचा नाही, म्हणजे दुसऱ्या बाजूने खातरजमा करायची नाही. आत्ताच करायचे, म्हणजे केलेले आणि हवे असलेले यांचा मेळ घालायला संध्याकाळ उरू द्यायची नाही. काका मूर्ख नव्हते, लोभीही नव्हते. पन्नास वर्षांत प्रथमच दीड दिवस त्यांना रोजमेळ मिळवू दिला गेला नाही, एवढेच घडले होते. सुकाणू दुसऱ्याच्या हाती गेले होते आणि हात मात्र काकांचाच दिसत होता.

म्हणून वाचकहो, अशा वेळी करायचे काम अवघड नाही. प्रथम फोन बंद करावा. खरा अधिकारी तेवढ्याने पळून जात नाही. मग घरातल्या कोणा एकाला, धाकट्याला का होईना, घडले ते सांगावे. खातरजमा करायची तर समोरच्याने दिलेल्या क्रमांकावर करू नये, आपण स्वतः शोधलेल्या क्रमांकावर करावी. आणि पैसे गेलेच असतील तर लाज धरून रात्र घालवू नये; १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे. रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असते, आणि जितक्या लवकर कळवावे तितकी ती वाटेत अडवली जाण्याची शक्यता अधिक. काकांनी एक रात्र उशीर केला. थोडी रक्कम गोठवली गेली, मोठी रक्कम गेली ती गेलीच.

त्यानंतर घरात वेगळाच प्रश्न उभा राहिला. चुलतभावाचे म्हणणे पडले, की काकांकडून स्मार्टफोन काढून घ्यावा आणि बँकेचे व्यवहारही. त्यात काळजी होती, हे खरे. पण काका त्या दिवसापासून पेढीवर येईनासे झाले होते. किल्ल्यांचा जुडगा त्यांनी न बोलता मुलापुढे ठेवला होता. मी त्यांना हा सारा शब्दप्रवास ऐकवला. फ्रॉन्टिस ऐकला, प्लेटोचा बहिरा मालक ऐकून ते किंचित हसले. निर्यामकाच्या गोष्टीपाशी मात्र म्हणाले, "पुन्हा सांग. त्यानंच नौका लावली ना शेवटी?"

"त्यानंच," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तोडगा त्यांनीच सुचवला. पेढीच्या मोठ्या रकमेच्या धनादेशावर पूर्वीपासून दोन सह्या लागतात. घरच्या खात्यांनाही तोच नियम लावायचा. ठरलेल्या रकमेपुढचा कोणताही व्यवहार दुसऱ्याने पाहिल्याशिवाय करायचा नाही. हा नियम केवळ म्हाताऱ्यांना नव्हे, सर्वांना. चुलतभावाला हो म्हणावे लागले. फोन काकांकडेच राहिला.

महिन्याभराने व्यापारी मंडळाच्या बैठकीत, चहा येण्यापूर्वी, काका उभे राहिले आणि घडले ते त्यांनी स्वतः सांगितले, रकमेसकट. मी दाराशी उभा होतो. कोणी हसले नाही. बैठक संपल्यावर दोघेजण, एक काकांच्या वयाचा आणि एक जेमतेम तिशीचा, त्यांना कोपऱ्यात गाठून हळू आवाजात काही सांगू लागले. त्यांच्याही घरात असेच काही घडले होते आणि त्यांनी ते आजवर कोणापाशी उच्चारले नव्हते.

आता काका संध्याकाळी पुन्हा पेढीवर बसतात. हिशेब संगणकावर असतो, तरी ते स्वतःसाठी वहीत रोजमेळ लिहितात. हा लेख छापायला देण्यापूर्वी मी त्यांना वाचून दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाले, "माझं नाव घालू नकोस. तो एकोणीसशे तीस मात्र ठळक अक्षरांत घाल."